येडूची हजेरी

सिद्धलिंगप्पांनी लाल शाईनं येडूच्या नावावर रेघ मारली आणि पेन तसंच हातात धरून ठेवलं. टेबलासमोर फुलाबाई उभी होती, हातात बस पुसायचं ओलं फडकं.

येडू तिचा नवरा, डेपोत बस धुवायचा. सहा वर्षांपूर्वी तापानं गेला. बारा दिवसांनी फुलाबाई त्याचीच बादली घेऊन कामावर आली. "नावाचं बघू नंतर," तेव्हाचे साहेब म्हणाले. सरकारी नंतर ते, कोण बघतंय. रोज सकाळी हेडक्लार्क सिद्धलिंगप्पा पुकारायचे, "येडू." फुलाबाई म्हणायची, "हजर."

यंदा पंचाहत्तर साल, महिला वर्ष. वरून तक्ता आला: कामावर बायका किती, मागासवर्गीय किती. दोन्ही रकान्यांत बसणारी ही एकटी, आणि कागदावर ती पुरुष. बायकांपुढं शून्य लिहून मोकळं होता आलं असतं. पण मग मेलेल्याच्या नावावर राबत ही बाई म्हातारी झाली असती, कायम कधीच झाली नसती. म्हणून सिद्धलिंगप्पांनी साहेबांची बोलणी खाल्ली आणि तिचं नाव मंजूर करून आणलं.

"पुरुष एक कमी, बाई एक जास्त. बेरीज तेवढीच," ते म्हणाले. "आता नवऱ्याचं नाव सांग."

"तुमास्नी ठावं हाय की."

"तुझ्या तोंडून लागतं."

फुलाबाईनं पदर ओठांवर धरला. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, तेवढंच. शेवटी त्यांनी स्वतःच लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी नवा हजेरीपट उघडून त्यांनी जरा ऐटीतच पुकारलं, "फुलाबाई."

रांगेत उभी असून ती बोलली नाही.

"अगं, तुझंच नाव. गैरहजर मांडू का?"

"मांडा."

मग ती पुढं आली. "साहेब, मला त्यांचं नाव घेता येत न्हाय. पोरबाळ न्हाय, घरात घेणारं कोण न्हाय. दिसातनं एकदा तुमी घेत व्हता. लई बरं वाटायचं. काल तुमी रेघ मारली, तवा ते गेले बगा."

चांगलं करायला गेलो आणि हे काय होऊन बसलं, म्हणून सिद्धलिंगप्पांचा जीव चुटपुटला. चष्मा पुसून त्यांनी तिचं नाव पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं, कागदावर होतं तसं.

"फुलाबाई येडू..."

आडनाव अजून राहिलंच होतं.

"हजर," ती म्हणाली.