स्वखुशीची सोडचिठ्ठी

आमच्या गावाबाहेरच्या तुरुंगात ज्यू कैदी सातच. गेली नऊ वर्षं मी, त्यांचा धर्मगुरू म्हणजे रब्बी, दर गुरुवारी त्यांच्यासाठी शब्बाथचा, आमच्या शनिवारच्या विसाव्याचा पाव, हेरिंग मासा आणि द्राक्षाचा रस घेऊन जातो. वाइन आत सोडत नाहीत. एवढंच काम असतं तर मी सुखी माणूस असतो, पण त्या सातांत सेम्योन गुरेविच होता.

सेम्योनने धंद्यातल्या भागीदाराला भोसकलं होतं. बारा वर्षांच्या शिक्षेतली पाच भोगून झाली होती. बायकोला, रायसाला, सरकारी कोर्टाने केव्हाच मोकळं केलं होतं. पण आमच्यात नवऱ्याने स्वखुशीने लिहवून घेतलेली सोडचिठ्ठी बायकोच्या ओंजळीत पडेपर्यंत ती त्याचीच. रायसाला सदतिसावं लागलेलं. एका विधुर घड्याळजीशी तिचं ठरलं होतं आणि तिला मूल हवं होतं. सोडचिठ्ठीशिवाय दुसऱ्या पुरुषापासून झालेल्या मुलाला आमच्यात कुणी मुलगी देत नाही.

सेम्योनपुढे मी दोन वर्षं डोकं फोडलं.

"सगळं काढून घेतलंत, रब्बी. बायको तरी राहू द्या."

"ती तुझी राहिलीय कुठे, मूर्खा?"

"तुमच्या धर्मात राहिलीय ना? बास झालं मला तेवढं."

जानेवारीत उपअधीक्षक ग्रोसूच्या खोलीत चहा पिताना माझी जीभ सुटली. म्हटलं, "तुमच्याकडे एवढे दांडगे वठणीवर येतात, हा एक येत नाही." ग्रोसू ख्रिश्चन, पण माझ्यावर त्याचा लोभ. म्हणाला, "अहो रब्बी, आधी नाही का सांगायचं?" मी हसलो, त्याचं बिस्किट खाल्लं आणि घरी गेलो. ते हसू आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पुढचे तीन गुरुवार सेम्योन दिसला नाही. आजारी आहे म्हणाले, मी मानलं. मग त्याचा निरोप आला: देतो सोडचिठ्ठी. का, हे मी विचारलं नाही. मला विचारायचंच नव्हतं.

किशिनेव शहराहून सोडचिठ्ठ्या लिहिणारे म्हातारे लेखनिक नुहिम आले, बरोबर दोन साक्षीदार. पिसाची लेखणी तासायचा चाकू फाटकावर ठेवून घेतात, म्हणून लेखण्या त्यांनी घरूनच तासून आणल्या होत्या. रायसा ठेवणीतला कोट घालून सकाळपासून भेटीच्या खोलीत बसली होती. ओंजळ कशी धरायची ते मी तिला दाखवलं होतं.

कागद, शाई, लेखणी नवऱ्याच्या मालकीची लागते. आतल्या खोलीत नुहिमनी ती सेम्योनच्या हातात दिली. "हे आता तुझं. माझ्याकडून लिहवून घे."

"पाच वर्षांत माझं म्हणावं असं एवढंच," सेम्योन म्हणाला आणि खोकत राहिला. लेखणी त्याला नीट धरवत नव्हती. बोटं सुजून निळी पडली होती.

"कुणी जबरदस्ती केली?" नुहिमनी विचारलं.

"नाही."

"मग बोटांना काय झालं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "वीस दिवस थंड कोठडीत होतो. ग्रोसूसाहेब म्हणाले, रब्बींची इच्छा आहे. पण मी देतो, आजोबा. खरंच देतो. लिहा."

नुहिमनी शाईच्या बाटलीला बूच लावलं.

"तो हो म्हणतोय," मी म्हटलं.

"कुडकुडणारा माणूस कशालाही हो म्हणतो. अशी सोडचिठ्ठी म्हणजे रद्दी. उद्या तिला मूल झालं तर त्याच्या तोंडाकडे तू बघशील का? याला ऊब दे, पोटभर जेवू घाल, बोटं बरी होऊ देत. मग विचारू."

मी भेटीच्या खोलीत जाऊन सांगितलं. रायसाने सगळं ऐकून घेतलं. "माझ्यासाठीच केलंत ना, रब्बी?" एवढंच म्हणाली. तिने शिव्या दिल्या असत्या तर मला सोसलं असतं.

मी ग्रोसूशी भांडलो. तुमच्यासाठी एवढं केलं त्याची ही किंमत, म्हणून तो रुसला, पण सेम्योनला दवाखान्यात हलवलं. मग सहा आठवडे मी डबा वाहिला. सूप रायसा करायची. ज्याने तिला बांधून ठेवलं त्याच्यासाठी ती पहाटे उठून कोंबडी शिजवायची आणि डबा गार होऊ नये म्हणून टॉवेलात गुंडाळून द्यायची. हातमोजेही तिनेच विणले. सेम्योन अंगाने भरला, गालांवर रंग आला, खोकला गेला. मी रोज त्याची बोटं बघायचो.

वल्हांडणाच्या सणानंतर नुहिम पुन्हा आले. बाहेर रायसाचा तोच कोट, आत तोच प्रश्न. "कुणाची जबरदस्ती? कसली भीती?"

"काही नाही." सेम्योनने बोटं उघडझाप करून पाहिली. "अगदी मनातलं सांगायचं ना?"

"अगदी मनातलं."

"मग नाही देत."

नुहिम लेखण्या आवरू लागले. सेम्योनने बाकाखालून आदल्या दिवशीचा डबा काढून माझ्याकडे सरकवला. "सूप छान होतं. तिला सांगा, हाताची चव तशीच आहे अजून."

मी भेटीच्या खोलीत गेलो. दार वाजताच रायसा उभी राहिली आणि मी दाखवली होती तशी दोन्ही हातांची ओंजळ तिने पुढे धरली. माझ्या हातात तिचा धुतलेला डबा होता. तो मी तिला दिला.