पाच वेळा दाबा

सकाळच्या ओहोटीला अख्खी वाडी किनाऱ्यावर जमली होती. पोरंही तिकडेच पळाली, म्हणून शाळेला कुलूप लावून मी मास्तरही गेलो. यंदा खडकांवर कालवं कमी मिळाली. कुणाच्या पापामुळे, ते भगव्या छाटीतले बाबा सांगणार होते. पापी सापडला की त्याला किनारा बंद!

"हा सागरदेवाचा दूत! पाप्याच्या हातात रक्त रडतो!" बाबांनी तांब्याच्या घंगाळातून मुठीएवढा, मऊ, तपकिरी प्राणी काढला. खडकातला जीव न् जीव नावानं ओळखणाऱ्या आमच्या लोकांना याचं नाव सांगता येईना. मग काय, देवाचाच! सगळ्यांनी हात जोडले.

बाबांनी तो दाबला, काही नाही. गावप्रमुख धर्माजींनी दाबला, तरी काही नाही. मग आली नीराबाई, कालवं विकून पोट भरणारी एकटी विधवा. तिला मात्र बाबांनी प्लॅस्टिकच्या बालदीतला दुसराच दिला. दाबताच हात जांभळाभडक!

"हीच ती! हिला खडकावर पाय ठेवू देऊ नका!"

नीराबाई माझ्याकडे वळली. "मास्तर, मी खाऊ काय आता?"

माझं डोकंच सणकलं. "बाबा, हिलाच बालदीतला का? आता तुम्ही घ्या बघू तिथलाच!"

"आमचं मौन सुरू झालंय," बाबा म्हणाले.

तेवढ्यात सुचिता पुढे आली. माझी जुनी विद्यार्थिनी, आता म्हसळ्याला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते.

"सर, हा समुद्री ससा. गोगलगायीच्याच जातीचा. आपल्या भागात याची पहिलीच नोंद होतेय. घाबरला की जांभळी शाई सोडतो, पण साठा थोडाच असतो. नीराबाई, तुमच्या हातातला अजून दाबा, हळूच."

दुसऱ्यांदा जांभळं, तिसऱ्यांदा फिकट, पाचव्यांदा नुसतं पाणी. घंगाळातला बाबांनी आधीच पिळून आणला होता.

"पाच वेळा दाबलं की पाप संपतं व्हय?" गर्दीतून रखमा ओरडली. बाबांची पावलं रिक्षाकडे वळली होती.

धर्माजी ओशाळले. "सुचिता, तू अगदी येळेवर कशी आलीस गो?"

"नीराबाईंना आठवड्यापूर्वी हा खडकात दिसला, तेव्हा त्यांनी फोटो पाठवून नाव विचारलं होतं. आज बघायला आले."

नीराबाईनं हात धुतले, कालवं काढायची कोयती उचलली. "मला बी नाव ठावं नव्हतं, धर्माजी. मी इचारलं, तुमी हात जोडलेत. पुढच्या खेपेला आधी इचारा."

आणि ती खडकांकडे चालू लागली.