पुंगळीचा ओठ

अलोन्झाने भरलेली काडतुसं सलग तीन शनिवार दगा देत होती. घोडा ओढला की नुसतं खट्. नेमबाजीच्या क्लबातल्या बायका म्हणायच्या, "अर्लीन, नवऱ्याने दारू भरलीय की मक्याचं पीठ?" मीही हसायची, आणि न फुटलेली काडतुसं घरी आणून शिवणाच्या डब्यात लपवायची.

माझ्या छोट्या पिस्तुलाची काडतुसं चाळीस वर्षं तोच भरतोय. चर्चचं काम सुटलं, गाडी चालवणं सुटलं. गराजमधलं काडतुसं भरायचं टेबल तेवढं राहिलं. तेही गेलं तर हा माणूस नुसता खुर्चीत बसून राहील, या भीतीने मी गप्प होते.

शुक्रवारी दुपारी त्याला गोड चहा द्यायला गेले. पिस्तुलाची नळी काढून त्याने तयार काडतूस आत सोडलं. नीट बसलं की टक् वाजतं. वाजलं, मी दारातून ऐकलं. त्याने मात्र कपाळाला आठ्या घातल्या.

"अजून तोंड फाकलेलंच आहे," म्हणून त्याने भरायच्या यंत्रावरचा, पुंगळीचं तोंड दाबणारा स्क्रू आणखी आवळला.

मग माझ्या लक्षात आलं. हे काडतूस नळीत उभं राहतं ते पितळी पुंगळीच्या ओठावर, म्हणजे तोंडाच्या कडेवर. ओठ जास्त आवळला की ते खोल घसरतं आणि पिस्तुलातल्या टाचणीचा ठोका पुरा बसत नाही. हा बिचारा टक् ऐकू येईपर्यंत आवळत चालला होता.

रविवारी आमचे रेव्हरंड प्रवचन करता करता सुरात गेले. ऑर्गन मागे धावला, सगळं चर्च उभं राहिलं. प्रभूची कृपा ते अशी गाऊन सांगतात की माझे डोळे वाहतातच. माझ्या शेजारी, पुढच्या बाकाच्या पाठीला तळवा टेकून बसलेला अलोन्झा दर ओळीला बरोबर ठेक्यात म्हणत होता, "हो, प्रभू!"

घरी येताना गाडीत मी मोठ्याने विचारलं, "ऐकू येतं तुला?"

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "ते गायला लागले की लाकडात उतरतं. हाताला कळतं. बाकी सगळं गेलंय गं. वर्ष झालं."

घरी पोचताच मी शिवणाचा डबा गराजमधल्या टेबलावर पालथा केला.

"एवढी? सगळी माझी?"

"मग काय शेजाऱ्याची?" मी त्याच्या कानाशी ओरडले.

त्याचा चेहरा पडला. मी नळी त्याच्या डाव्या तळव्यात ठेवली. "हे चर्चचं बाक समज. आणि तो स्क्रू सैल कर."

त्याने स्क्रू सैल केला, एक नवं काडतूस भरलं, ओठावरून नख फिरवलं, नळीत सोडलं. बोटं थबकली. "आलं," तो हळूच म्हणाला. "अर्लीन, आलं!"

पुढच्या शनिवारी तो माझ्या पाठीवर तळवा टेकून उभा राहिला. नियमात बसत नाही, पण पंचांनी तिकडे पाहिलंच नाही. मी घोडा ओढला. धक्का खांद्यातून पाठीत उतरला.

"हो, प्रभू!" मागून आवाज आला. बरोबर ठेक्यात.