चिठ्ठीत आलेली बाजू

कुरखेड्याजवळच्या त्या शाळेला वादविवादाची फिरती ढाल मिळाली असती तर प्रफुल सरांचा फायदा काय होता, ते आधी सांगतो. सर तासिका तत्त्वावर होते. दर जूनमध्ये शाळा आपल्याला पुन्हा ठेवते की नाही, ही त्यांची धास्ती. ढाल आली की ही धास्ती निदान एक जून पुढे सरकणार होती. शिवाय मुख्याध्यापक त्यांना 'ते मराठीवाले' म्हणत, ते कदाचित नावाने हाक मारू लागले असते. एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस किती गोड बोलतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. कारण मित्रांनो, मी एक जुना माईक आहे आणि माझ्यापुढे उभं राहून सहसा कोणी फुकट बोलत नाही.

थर्माकोलच्या खोक्यात बसून मी वडशाला आलो, नईमभाईंच्या साऊंड सर्व्हिसमध्ये. तरुणपणी झाडीपट्टीच्या नाटकांत मी मंचाच्या मधोमध असायचो. खलनायकाची थुंकी आणि नायिकेचे हुंदके एकाच रात्री झेलायचो. मग बिनतारी माईक आले. आता हिवाळ्यात ते नाटकाला जातात आणि मी शाळेत, बारशाला, ग्रामसभेला. माझी जाळी एका बाजूने चेपलेली आहे. "बुढा है, पर खरखर नहीं करता," असं नईमभाई गिऱ्हाइकाला सांगतात. म्हातारपणी एवढी स्तुती पुरते.

डिसेंबरात स्पर्धा त्याच शाळेत होती. पोरांची भीती मोडावी म्हणून सरांनी मला आठवडाभर आधीच मागून घेतलं आणि वर्गात टेबलावर ठेवलं. फळ्यावर त्यांनी चार प्रश्न लिहिले. बोलणारा कोण? ऐकणारा कोण? बोलणाऱ्याला काय पाहिजे? आणि तो काय सांगत नाही?

"कोणतंही भाषण असो," सर म्हणाले, "आधी ह्या चार खुंट्यांवर टांगायचं. मग टाळ्या वाजवायच्या की नाही ते ठरवायचं."

तेवढ्यात रस्त्यावरून नाटकाची जाहिरात करणारी गाडी गेली. खास तुमच्यासाठी, हसवणारं, रडवणारं, सहकुटुंब पाहावं असं. सरांनी खडू खाली ठेवला. "चला, हिलेच टांगा."

कुलदीप नावाचा पोट्टा उठला. "सर, त्याले तिकीट खपवाचं हाय. आन मागच्या खुर्चीवरून हिरोईन दिसत नाई, हे तो सांगून नाई राह्यला."

वर्ग हसला. "तू मागच्या साली मागंच बसला होता वाटते," सर म्हणाले.

खिडकीपाशी दहावीतली दिव्यानी बसली होती. ती म्हणाली, "सर, तो 'तुमच्यासाठी' म्हणून राह्यला. जो 'तुमच्यासाठी' म्हणते, त्याचंच काम जास्त अडलं असते."

सरांनी तिच्याकडे असं पाहिलं की मला ढाल त्यांच्या डोळ्यांतच दिसली.

या दिव्यानीच्या वडिलांना, सोमाजीला, त्याच वर्षीच्या चैतात वाघाने मारलं होतं. पहाटे तो मोहफुलं वेचायला गेला होता. वाकून वेचणारा माणूस वाघाला माणूस वाटत नाही, जनावर वाटतं. म्हणून तिकडे मोहाखाली दोघं जातात. एक वेचतो, दुसरा उभा राहून चारी बाजूंना पाहतो. सोमाजी एकटा सापडला. तो एकटा काऊन गेला, हे गावाने पुष्कळदा विचारलं. त्याची बायको शकुबाई दरवेळी एवढंच म्हणे, "गेला बापा. आयकत नव्हता कोणाचं."

स्पर्धेचा विषय चिठ्ठीने आला, 'जंगलावर पहिला हक्क वाघाचा'. बाजूही चिठ्ठीने ठरायची. दिव्यानीने चिठ्ठी उघडली, तर आत 'अनुकूल'.

सरांना चिठ्ठी बदलून देता आली असती. परीक्षकांनी नाही म्हटलं नसतं. पण दुसरी बाजू घेऊन रडणाऱ्या पोरी पुष्कळ असतात. बाप गमावलेली पोरगी वाघाच्या बाजूने उभी राहिली, तर ढाल कुठे जाईल? हा हिशेब सरांनी केला की नाही, देव जाणे. ते फक्त म्हणाले, "बाजू आपली नसते बेटा. ती चिठ्ठीची असते."

दिव्यानी बोलली. मी बड्या नटांचे श्वास ऐकलेत, पण असा थंड श्वास ऐकला नव्हता. शेवटी ती म्हणाली, "वाघाच्या घरात न विचारता जो शिरतो, त्याच्या मरणाचा जाब वाघाला कोणी विचारावा?"

टाळ्यांनी मंडप भरला. मागच्या रांगेत शकुबाई मांडीवर डबा घेऊन बसली होती. सगळे वाजवत होते, म्हणून तिनेही वाजवल्या.

ढाल मिळाली. त्या भाषणाचा व्हिडिओ गावोगावच्या मोबाईलवर फिरला. मुख्याध्यापक म्हणाले, "वा, प्रफुल सर." म्हणजे तोही फायदा जमा झाला.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर ग्रामसभा होती. माईक पुन्हा मीच. समोर गुणवंतराव उभे राहिले. रस्त्याकडेला त्यांचं हॉटेल होतं आणि त्यांना पाहिजे होतं सफारीचं गेट. मोहाकडे जाणारी वाट गावानेच ठराव करून बंद केली, तर तिथून जीपगाड्या सुटणार होत्या.

"हे मी माझ्यासाठी नाई, तुमच्यासाठी सांगून राह्यलो," गुणवंतराव म्हणाले. "वाट बंद झाली तर माणूस मरणार नाई. आन हे मी नाई म्हणत. सोमाजीची पोट्टीच म्हणते." त्यांनी मोबाईल माझ्या जाळीला लावला.

दिव्यानीचा आवाज माझ्यातूनच पुन्हा बाहेर पडला. न विचारता जो शिरतो. बायांनी माना खाली घातल्या. त्या वाटेवर त्यांचं वर्षाचं तेलमीठ होतं. सोमाजीच्या घरच्याच पोरीने असं म्हटल्यावर कोण काय बोलणार?

मागून दिव्यानी उठून आली.

"तू मतदार नाई बेटा," गुणवंतराव हसून म्हणाले.

"मतदार नाई काका, पण भाषण माह्यं हाय ना."

"देदो माईक," वायर गुंडाळत नईमभाई म्हणाले. "बच्ची का आवाज मोबाईल से चलता है, तो मुँह से भी चलेगा."

तिने मला धरलं. "सरांनी चार प्रश्न शिकवले," ती म्हणाली. "बोलणारी कोण? मी. ऐकणारे कोण? परीक्षक. तिथं मोह वेचणारं कोणी नव्हतं. एक माय होती, तिच्याकडे मी पाह्यलं नाई. मले काय पाहिजे होतं? ढाल. ते मी आणली."

चौथा प्रश्न प्रफुल सरांनाही पाठ होता. ते खुर्चीवरून थोडे पुढे सरकले.

"काय सांगतलं नाई, ते आता सांगतो. बाबा न विचारता गेले नव्हते. ते झाड आमच्या आज्यापासून आमी वेचतो. आन बाबा एकटे जाणार नव्हते. उभं राहून पाहाचं काम माह्यं होतं. त्या दिवशी सरांनी पहाटे जयंतीच्या भाषणाचा सराव ठेवला होता. मी बाबाले म्हटलं, आज तुमी जा, मी सरावाले जातो. मायले माहीत हाय. तिनं गावाले सांगतलं नाई."

शकुबाई जागेवरूनच म्हणाली, "काऊन बोलली गं. मी झाकलं होतं ना."

"वाट बंद कराची तर करा," दिव्यानी म्हणाली, "पण माह्या भाषणानं करू नका. माणूस वाटेनं नाई मेला. पाहणारं कोणी नव्हतं, म्हणून मेला."

हात वर करायला सांगितलं तेव्हा गुणवंतरावांच्या बाजूने त्यांचा भाचा आणि अजून चारदोन जण उरले. वाट उघडी राहिली.

मित्रांनो, मला स्वतःची बाजू नाही. माझ्यातून जे जातं ते मोठं होऊन जातं, खरं असो की चिठ्ठीतलं. म्हणून म्हातारपणी एकच मागणं आहे. पोरांना बोलायला शिकवा, जरूर शिकवा. पण बाजू हातात देण्याआधी त्या बाजूखाली कोण सापडतं, ते एकदा वाकून पाहा. माझी जाळी पुरतीच चेपली तर नईमभाई नवी आणतील, माणसाचं तसं नाही.

आता कोणाच्या पदरात काय पडलं ते पाहू. गुणवंतरावांचं काही गेलं नाही, त्यांना गेटासाठी दुसरं गाव सापडलं. गावाला वाट मिळाली. सरांना पुढचा जून मिळाला, पण पहाटेचा सराव त्यांनी पुन्हा कधी ठेवला नाही. ढाल शाळेच्या कपाटात आहे. ती फिरती आहे, डिसेंबरात परत करावी लागेल. बाकीचं परत करता येत नाही.

चैतात नईमभाईंचा टेम्पो त्या रस्त्याने गेला तेव्हा मी मागे उघड्या खोक्यात होतो. मोहफुलांचा वास आत येत होता. पाण्याला थांबले, तेव्हा हापशावर दोन बाया बोलत होत्या. "हेच का वो ते, बापाले एकटा धाडणारी?" दुसरी म्हणाली, "हळू बोल. तिच्यानंच तं वाट राह्यली."

टेम्पो निघाला तेव्हा नईमभाई हाताखालच्या पोराला म्हणाले, "वो देख, झाड के नीचे." शकुबाई वाकून वेचत होती. तिच्याकडे पाठ करून दिव्यानी उभी होती. बोलत नव्हती. नुसती चारी बाजूंना पाहत होती.