खिडकीपाशी पलंग

चौकशीच्या बाई उद्या अकराला घरी येणार, असा इस्त्रीवालीला निरोप आला. तिचा थोरला तीन आठवडे निरीक्षणगृहात होता. दोन टवाळ पोरांनी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाचं कुलूप फोडलं, तेव्हा हा बाहेर पहारा देत उभा होता. आता बाई घर बघून अहवाल देणार आणि त्यावरून ठरणार, पोरगा घरी येतो की वर्षभर सुधारगृहात जातो.

घर कसलं, एक खोली. त्यातली निम्मी लोकांच्या कपड्यांच्या गठ्ठ्यांची आणि उरलेल्यातली निम्मी इस्त्रीच्या टेबलाची. राहिलेल्या चार फरश्यांवर ती आणि दोन लहान पोरी कशाबशा मावत. थोरला पंधराव्या वर्षीच ताडमाड वाढलेला, सगळे त्याला लंबूच म्हणायचे. "पाय घडी करून ठेव रे, वरून इस्त्री फिरवते," असं ती म्हणायची आणि तोही हसायचा. मग एके दिवशी चादर बगलेत मारून तो जिन्याखाली झोपायला गेला. बाप कामाला म्हणून गेला तो तिकडचाच झालेला, त्याला अडवणार कोण? जिन्याखाली ते दोन टवाळ होतेच. तिला हे ठाऊक नव्हतं असं नाही. कडी घालताना रोज तिचा हात अडखळायचा. पण घातलीच ना कडी!

शेजारची शिंपीणमावशी म्हणाली, "हे असलं गोदाम दाखवलंस तर पोरगं गेलंच म्हणून समज. चांगलं घर दिसलं पाहिजे."

इस्त्रीवालीला ते लगेच पटलं. चुरगळलेलं नीट करून दाखवायचं, हेच तर तिनं जन्मभर केलेलं. गठ्ठे मावशीकडे गेले आणि मावशीच्या नातवाचा आखूड पलंग खिडकीपाशी आला. त्यावर गिऱ्हाइकाची पांढरी चादर, अशी कडक की बोट लावायची भीती वाटावी. टेबलावर पोराची जुनी पुस्तकं मांडली.

चौकशीच्या बाई भल्या होत्या. पाणी प्यायल्या, पोरींचे गाल कुरवाळले.

"मुलगा कुठं झोपतो?"

"हा काय, ह्या पलंगावर. पहिल्यापासून."

बाईंनी चादरीवरून हात फिरवला. "किती नीटनेटकं ठेवलंय हो घर!"

ही आपली फुलून गेली. वेडी कुठली!

आठवड्यानं कोर्टात न्यायाधीशबाईंनी तो अहवाल वाचला. "मुलगा जबाबात म्हणतो, घरात जागा नाही, जिन्याखाली झोपतो, तिथंच ही संगत लागली. अहवालात तर त्याला स्वतंत्र पलंग आहे, अभ्यासाला टेबल आहे, घरात कसली उणीव नाही. म्हणजे चोरीत सामील झाला तो झाला, वर आमच्याशी खोटंही बोलला."

 इस्त्रीवाली धडपडत उठली. "मॅडम, खोटं मी बोलले. पलंग उसना आणलेला. पोरगा जिन्याखालीच झोपतो हो!"

चौकशीच्या बाईंनी मान खाली घातली.

"आईची माया कळते मला," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "पण तेव्हा एक आणि आज एक, असं कसं चालेल? चौकशीत खोटी माहिती दिली असेल, तर तुमच्यावरही कारवाई होऊ शकते." मग त्या पोराकडे वळल्या. "तूच सांग. पलंग आहे की नाही?"

पोरानं आईकडे पाहिलं. पदर मुठीत धरून ती उभी होती.

"आहे मॅडम," तो म्हणाला. "मीच खोटं बोललो."

पोराला वर्षभराचं सुधारगृह लागलं.

बाहेर व्हरांड्यात शिपायानं दोन मिनिटं भेटू दिलं. तिला हुंदका आवरेना. "का रे बोललास असं?"

"तुला काही झालं असतं तर पोरींना कोणी बघितलं असतं?"

 ती त्याच्या शर्टाची कॉलर हातानं सारखी करत राहिली. शिपाई "चला" म्हणाला, तसा तो थांबला.

"आई, कुठं मांडला होतास गं पलंग?"

"खिडकीपाशी."

"माझे पाय मावले असते?"

"मावले असते रे," ती म्हणाली.