हान राजांची वारापेटी

मित्रांनो, मी एक जुनी वारापेटी आहे. जुनी म्हणजे किती, ते आधी ऐका. वडूजजवळच्या एका वस्तीवर सिद्धूतात्या सुतारानं मला बांधलं, त्याला आता कुठं तीन वर्षं होतील. पण माझं वय आहे दोन हजार वर्षं. थांबा, हसू नका, सगळं सांगते.

आमचा आकाराम पलटणीत होता. ब्रह्मदेशात त्याच्या उजव्या खांद्यात गोळी घुसली आणि त्याला आसामातल्या दवाखान्यात आणून टाकलं. शेजारच्या खाटेवर ली नावाचा एक चिनी शिपाई. त्याला याचं कळेना, याला त्याचं कळेना. पण दोघंही शेतकरी, मग काय. आकाराम हातानं दाखवायचा, आम्ही तिवईवर उभं राहून पाटी डोक्यावर उचलतो, दाणे वाऱ्यात सोडतो, कोंडा उडून जातो, आणि आता हा हात वर जाणार नाही. ते बघून लीनं औषधाच्या खोक्याचा जाड कागद घेतला आणि एवढुसं एक खेळणं केलं. ढोलासारखं पोट, पोटात पंख, पंख फिरवायला काडी, पुढं लांब बोळ. काडी फिरवली की बोळातून फुर्र वारा.

तिथल्या चिनी डॉक्टरानं इंग्रजीत सांगितलं आणि मिरजेच्या कंपाउंडरनं ते मराठीत केलं. ही पेटी चीनच्या हान राजांच्या काळची. त्यांनी चारशे वर्षं राज्य केलं. कागद करायची युक्ती त्यांच्याच राज्यात पुढं आली. ते राज्य बुडून सतराशे वर्षं झाली, तरी तिकडची माणसं अजून स्वतःला हान म्हणवतात, आणि तिकडचा शेतकरी अजून ही पेटी फिरवतो. आकाराम म्हणतो, ते ऐकून त्याच्या अंगावर काटा आला. माझ्या तर फळ्याफळ्यांवर येतो. कुठले ते राजे, आणि त्यांच्या खळ्यावरची युक्ती दवाखान्याच्या खाटेवर बसून आमच्या आकारामला भेटते.

खेळणं मात्र परतीच्या वाटेवर पावसात भिजलं आणि त्याचा लगदा झाला. घरी आलं ते फक्त आकारामच्या डोक्यात.

शेहेचाळीस साल. शाळूची ज्वारी मळून झाली होती. आकाराम लढाईवर असताना आणि नंतर अंथरुणावर असताना राहीबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, एकटीनं ते रान केलं होतं. वर्षाची भाकरी खळ्यावर पडली होती, दाणे आणि कोंडा एकात एक. आणि नेमका वारा पडला. सहा दिवस लिंबाचं पान हललं नाही. राहीबाई तिवईवर चढून पाटी सोडायची, तर दाणे आणि कोंडा दोघं मिळून सरळ खाली. रोज दुपारी मावळतीकडं ढग चढायचे. वळीव पडला असता तर ती सगळी रास खळ्यावरच मोडाला आली असती.

मग आकाराम सिद्धूतात्याकडं गेला. आंब्याच्या फळ्या आणल्या, हुसेनभाई कल्हईवाल्यानं रॉकेलच्या डब्यांचे चार पंख कापून दिले, दांडा बसला, वर दाणे ओतायला पेरणीच्या पाभरीला असतं तसं चाडं, म्हणजे लाकडी नरसाळं, बसलं. तीन दिवसांत मी उभी. आकाराम कामावर बसून दवाखान्याची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा, मी तिथंच ऐकली. आणि सिद्धूतात्याची सफाई काय सांगू. वाऱ्याची पेटी म्हणून त्यानं माझ्या ढोलाची फट न् फट बुजवली. शेण-माती लिंपली, वर डिंक. मुंगीसुद्धा आत शिरणार नाही.

खळ्यावर वस्ती जमली. आकारामनं डाव्या हातानं दांडा फिरवला. पंख खडखडले. बोळापुढं कोंड्याची चिमूट धरली होती, ती जागची हलली नाही. जोरात फिरवला. तरी नाही. मित्रांनो, माझ्या पोटात वारा होता, नुसता गरगर फिरत होता, पण बाहेर पडेना. मला बोलता आलं असतं तरी काय बोलले असते? मलाच ठाऊक नव्हतं.

शेजारचा कोंडीबानाना म्हणाला, "गड्या, सरकारनं तुला बंदूक दिली ती बरी चालली. ही पेटी कुणी दिली रं?"

माणसं हसली. सिद्धूतात्याची मान खाली गेली. राहीबाई हसली नाही. ती ढगाकडं बघून पुन्हा तिवईवर चढली.

तेवढ्यात हुसेनभाई आला, आपले पंख कसे फिरतात ते बघायला. त्यानं दांडा फिरवून बघितला, बोळाला गाल लावला, मग माझ्याभोवती एक चक्कर मारली.

"तात्या, वारा भायेर कुठनं येनार?"

"ह्या बोळातनं."

"आन आत कुठनं जानार?"

सिद्धूतात्या चिडला. "आत कशाला जाया पायजे? वारा हिच्यातच तयार व्हायाचा."

हुसेनभाई शांतपणे म्हणाला, "माजा भाता बी वारा तयार करत न्हाई, तात्या. आदी आत घेतो, मग सोडतो. आत घ्यायचं भोक बुजलं तर निखारा इझतो."

आकाराम उठून उभा राहिला. लीच्या खेळण्यात काडीच्या भोवती भोक होतं, तो म्हणाला. ली त्यात बोट घालून हसायचा, आणि आपल्याला वाटायचं, काडीला जागा म्हणून ठेवलंय.

सिद्धूतात्यानं पटाशी घेतली. तीन दिवस जिवापाड बुजवलेलं पोट त्यानं दांड्याभोवती गोल फोडलं, दोन्ही बाजूंनी. आकारामनं दांडा फिरवला.

आणि मी श्वास घेतला.

कसं सांगू तुम्हाला? त्या मेलेल्या दुपारी, जिथं पान हलत नव्हतं, तिथं माझ्या तोंडातून वारा सुटला. राहीबाईनं चाड्यात पाटी ओतली. दाणे टपटप खाली, कोंडा भुर्रकन पार खळ्याबाहेर. सिद्धूतात्या बोळापुढं तळवा धरून उभा, आणि कोंडा त्याच्या मिशीवर, भुवयांवर. मला वाटलं, हान राजांच्या खळ्यावरही असाच कोणी सुतार, असाच तळवा धरून उभा राहिला असेल.

मग काय, दांड्याला माणसं पाळीपाळीनं लागली. कोंडीबानाना सगळ्यात जास्त वेळ होता. शेवटचं पोतं घरात गेलं आणि टपोरे थेंब पडायला लागले. राहीबाई दारात भिजत उभी राहिली, हातात मूठभर शाळू घेऊन.

त्या साली माझं लय कौतुक झालं. हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. पण पुढच्या दोन्ही साली वारा झकास सुटला, आणि मी गोठ्यात गेले. आता माझ्या चाड्यात कोंबडी अंडी घालते. परवा कोंडीबानाना आला आणि म्हणाला, गव्हाणीला चार फळ्या कमी पडत्यात, ही पेटी मोडून देता का. आकाराम हो म्हणणार होता.

राहीबाई म्हणाली, "न्या की नाना. पर आदी सुतळी आना आन सिद्धूतात्याला बोलवा. हिचं सगळं माप घिऊन ठेवा, भोकाचं बी. भोक इसरलो तवा माजी रास जानार हुती."

नाना गेला. आज सकाळी सुतळी घेऊन आला, मागून काठी टेकत सिद्धूतात्या.

मित्रांनो, मला मोडू नका असं मी म्हणत नाही. फळ्या कुजतातच. ते राजे गेले, त्यांचे वाडे गेले, त्यांच्या काळची एकही पेटी आज फिरत नसेल. तरी मी फिरले, कारण प्रत्येक वेळी कोणीतरी माप घेतलं, दुसऱ्याला दाखवलं. तुमच्या घरात, गोठ्यात, माळ्यावर माझ्यासारखं काही पडलं असेल, तर चुलीत घालायच्या आधी एकदा त्याच्याभोवती चक्कर मारा. ते कसं चालतं ते विचारून घ्या. सांगणारं माणूस आहे तोवर.