माय, सामान हेवी हाय!

मी एक पोस्टकार्ड. पाकिटाला पोट असतं, आंतर्देशीय पत्राला घडी असते, मला दोन्ही नाही. मला पोस्टमन वाचतो, शेजारीण वाचते, रस्त्याने जाणारासुद्धा मान वाकडी करून वाचतो. पोटात गोष्ट राहत नाही ही माझी जन्माची खोड, तेव्हा तुम्ही नाही म्हणालात तरी मी सांगणारच.

लहानपणाचं फारसं आठवत नाही. छापखान्यातून निघालो, शंभर भावंडांच्या गठ्ठ्यात दोरीने करकचून बांधला गेलो आणि नगरच्या पोस्टाच्या खिडकीशी येऊन पडलो. एकाहत्तर सालच्या श्रावणात मला चांगुणाने विकत घेतलं.

चांगुणा बेलापूरच्या शेतकऱ्याची पोर. त्यांच्या आळीतली पहिली मॅट्रिक झालेली मुलगी. जूनपासून ती नगरच्या एका दवाखान्यात नर्सिंग शिकत होती आणि वसतिगृहात राहत होती. पहिल्याच आठवड्यात तिने "पेशंटला ताप लई हाय" असं म्हटलं आणि साऱ्या पोरी खो खो हसल्या. तेव्हापासून ती वर्गात तोंड उघडेना. रक्त पाहून दोनदा भोवळ आली, ते वेगळंच.

मला विकत घेतलं त्या दिवशी इंग्रजीच्या बाईंनी फळ्यावर नवे शब्द लिहिले होते. पेशंटचं मन खचलं की तो काय काय म्हणेल, ते. ब्ल्यू, लो, डाऊन, हेवी. चांगुणाला वाटलं, बाईंनी आपलंच नाव चार वेळा लिहिलंय.

वसतिगृहावर येऊन तिने ट्रंकेवर एक कागद लिहिला. शिक्षण सोडायची परवानगी मिळावी, असा अर्ज. सोमवारी द्यायचा. त्याच अर्जावर मला ठेवून तिने आईला लिहिलं, "मी खुशाल आहे. जेवण चांगलं आहे. काळजी करू नये." तीन वाक्यं आणि तिन्ही थापा! मला तर लाजच वाटली. मग तिने पेन चावलं, इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत इंग्रजीत लिहिलं, "आय ॲम फीलिंग व्हेरी ब्ल्यू. लो अँड डाऊन. माय हार्ट इज हेवी."

आईला कळू नये म्हणून इंग्रजीत. पण कुणालाच कळू नये असं वाटत असतं, तर लिहिलंच कशाला? एवढी अक्कल मलाही आहे.

शनिवारी मी बेलापुरात पोचलो. सहादेव पोस्टमनने ओट्यावर बसून मालनबाईला, म्हणजे चांगुणाच्या आईला, मला वाचून दाखवलं. कोपऱ्यापाशी येऊन तो अडला.

"काकू, हितं इंग्रजी हाय. वाचतो, पन अर्थ न्हाई बा सांगता येत."

"मग भिमाजी भावजींना बोलव की!"

भिमाजी स्टेशनावर वीस वर्षं हमाल. वासरात लंगडी गाय शहाणी, तशी आळीतल्या इंग्रजीची सगळी मक्तेदारी त्याच्याकडे. तो मुंडासं सावरत आला आणि डोळे मिटून म्हणाला, "वाच."

"फीलिंग."

"इंजनात पानी भरत्यात ते फिलिंग. म्हंजे पोर आंगूळ करून निघनार."

"व्हेरी ब्ल्यू."

"निळं पातळ नेसून."

"लो अँड डाऊन."

"लो म्हंजे घ्या. डाऊन म्हंजे नगरकडनं येती ती गाडी. डाऊन गाडीवर घ्यायला या!"

"माय हार्ट इज हेवी."

"माय म्हंजे तुमीच की वैनी! हार्ट न्हवं रं, हॉल्ट, म्हंजे गाडी थांबती ती जागा. माय, हॉल्टवर ये, सामान हेवी हाय!"

मी ओरडून सांगत होतो, "अरे बाबांनो, तसं नव्हे!" पण कार्डाचं कोण ऐकतंय? मालनबाईचे डोळे चमकले. "पोर येतीय! पन कवा?"

"कवा ते लिवलं न्हाई. म्हंजे उद्याच."

झालं! रात्रीच भाकऱ्या थापल्या, ठेचा कुटला. रविवारी सकाळी बैलगाडी जुंपली. सामान हेवी म्हणून आळीतले दोन गडी बरोबर घेतले. मी मालनबाईच्या कनवटीला.

डाऊन पॅसेंजर धुरळा उडवत आली. एक निळं पातळ उतरलं आणि मालनबाईने पाठीमागून धावत जाऊन त्याला कडकडून मिठी मारली. ती निघाली राहुरीची कुणी भलतीच बाई. ती किंचाळली, गडी पळाले, बैल बुजले. गाडी शिट्टी देऊन निघून गेली आणि चांगुणाचा पत्ता नाही.

"यील उद्या," भिमाजी खाली बघत पुटपुटला.

मालनबाईने मला बाहेर काढलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी त्या कोपऱ्यावरून तिने अंगठा फिरवला. मग म्हणाली, "एकली पोर. वझं जड. तिला उचललं नसंल, म्हनून गाडी चुकली. भावजी, नगरकडं जानारी गाडी कवा हाय?"

"अप? दुपारी हाय. पन वैनी..."

"मग अपचं तिकीट काढा. वझं उचलाया मीच जाते."

आमच्या सात पिढ्यांत कुठलं पोस्टकार्ड आल्या पावली परत गेलं नसेल. मी गेलो! मालनबाईने आयुष्यात एकटीने केलेला तो पहिला प्रवास. खिडकीशी बसून ती डब्यातल्या प्रत्येकाला सांगत होती, "माझ्या पोरीनं इंग्रजीत बोलावलंय."

दिवेलागणीला आम्ही वसतिगृहावर पोचलो. चांगुणा खाटेवर गुडघ्यात मान घालून बसली होती. आईला दारात पाहून ती उठायचंसुद्धा विसरली.

"कुटंय सामान? आन हिकडं, मी उचलते."

"कसलं सामान गं, आई?"

"तूच लिवलंस न्हवं? निळं पातळ, डाऊन गाडी, माय घ्यायला ये, सामान हेवी हाय!"

चांगुणाने मला हातात घेतलं. वाचलं. आणि अशी हसत सुटली की खाट हलायला लागली. हसता हसताच तिला रडू फुटलं. आईच्या पदरात तोंड खुपसून म्हणाली, "सामान न्हाई गं. हार्ट म्हंजे काळीज. काळीज जड झालंय, असं लिवलं हुतं मी."

मालनबाईने क्षणभर विचार केला. "मग त्येच म्हनते ना मी! त्येच उचलाया आले."

गलका ऐकून खोलीत पोरी जमल्या. चांगुणाने आईला विचारत विचारत भिमाजीचं इंग्रजी पहिल्यापासून सगळं सांगितलं, हाय-न्हाईसकट. पोरी पुन्हा हसल्या, पण या वेळी तिच्याबरोबर, पोट धरधरून. भाकरी फस्त झाली. मालनबाईला उरलेला ठेचा पोरीसाठी बांधून ठेवायचा होता. तिने ट्रंकेवरचा एक कागद उचलला आणि त्यात पुडी बांधली. तो अर्ज होता. चांगुणाने पाहिलं आणि पुडीला बांधायला दोरा काढून दिला. मी आनंदाने जागच्या जागी एक उडी मारणार होतो, पण माझ्यावर ठेच्याची वाटी होती.

आता चौऱ्याहत्तर साल आहे. चांगुणा त्याच दवाखान्यात नर्स आहे, राहते अजून वसतिगृहातच, आणि मी तिच्या आरशाच्या चौकटीत खोचलेला. अंगावर ठेच्याचा तेलकट डाग आहे, तो मी पदकासारखा मिरवतो. माझं एकच मागणं आहे. मन खचलं तर लिहा. वाटेल त्या भाषेत लिहा, चुकीचं लिहा, कोपऱ्यात लिहा, पण लिहा. अर्थ लावायला कुठेतरी एखादा भिमाजी बसलेला असतोच.

बाईंच्या त्या चार शब्दांतला वसतिगृहात आता एकच चालतो. परवाच एक नवी पोर, श्रीगोंद्याची, दारात येऊन रडवेल्या आवाजात चांगुणाला म्हणाली, "ताई, आज माझं सामान लई हेवी हाय."

चांगुणा हातातलं काम टाकून उठली. "थांब," म्हणाली, "आले घ्यायला."